नुक्ता

निकाल चार ओळींचा होता.
याचिका मी एकशे सोळा पानांची टाइप केली होती,
दीड अंतरावर, डावीकडे समास सोडून,
चारशे बारा नावं, अनुक्रमांकासह.
चार ओळी म्हणाल्या, यादीची प्रक्रिया पुढे गेलेली आहे,
या टप्प्यावर हस्तक्षेप नाही.
अर्जदारांनी वैयक्तिकरीत्या योग्य त्या ठिकाणी दाद मागावी.

ढवंगाळे बाई काळा कोट हातावर घेऊन पायऱ्या उतरल्या,
रसवंतीवर उभ्याउभ्या दोन ग्लास प्यायल्या,
आणि काहीच बोलल्या नाहीत.
मे महिना. सिव्हिल लाइन्सचे कडुनिंबसुद्धा
हात राखून सावली देत होते.

हफिजुन्निसा माझ्या टेबलाशी आली.
"बाबू, मंग मी मेली का जिती?"
"जिती."
"तं लिहून दे."

तिच्या पिशवीत तिची चार नावं होती.
रेशनकार्डावर हफिजुनिसा,
शाळेच्या दाखल्यावर हफीजन,
ओळखपत्रावर हाफीजुन्नीसा,
आणि चौऱ्याण्णवच्या एका प्रतिज्ञापत्रावर हाफिजूनिशा.
त्या 'श'चा पाय मोडका होता.
मी माझ्या मशीनकडे पाहिलं.
तीस वर्षं झाली, अजून मोडकाच आहे.

निसा म्हणजे बायका, तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं.
निशा म्हणजे रात्र.
दोन रुपये पान या दरानं
मी एका बाईची रात्र केली होती,
आणि तोच कागद यादीवाल्यांनी
तफावत म्हणून जोडला होता.

मी राहतो नाईक तलावाजवळ, बांगलादेशात.
हसू नका, आमच्या वस्तीला अख्खं नागपूर हेच म्हणतं,
ऑटोवालाही कुठं ते विचारत नाही.
माझं नाव यादीत आहे. बायकोचं आहे.
वारलेल्या भावाचंसुद्धा आहे.
आणि मोमिनपुऱ्यात जन्मलेली ही बाई,
जिचा बाप न् माझा बाप
गांधीबागेत एकाच शेठकडे लुगडी पोचवायचे,
तिला विचारतात, तू कुठची?

वैयक्तिकरीत्या.
आता हा शब्द मी दिवसातून वीसदा टाइप करतो.
चारशे बारा माणसं, एकेक करून,
कामाची रोजी बुडवून, डबा घेऊन येतात.
कादिरमियाँ मागाच्या खटखटीनं बहिरे झालेले,
त्यांना बापाचं नाव विचारलं तर वय सांगतात.
एक पोरगी, नुकती अठराची, आजीला धरून आली,
आजीचा फॉर्म भरला, आणि स्वतःचा विसरून निघाली होती.
मी हाक मारून परत बोलावलं.

हफिजुन्निसाच्या अर्जाशी गाडी अडली.
"बाबू, ज-च्या खाली टिंब असते. अब्बा शिकवत."
ढवंगाळे बाई कावल्या,
"आता पाचवं नाव नको, कार्डावर आहे तसंच घाला!"
"चुकीच्या नावानं जिती होऊन काय करू?"
बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "घाला. मी पाहते."

माझ्या मराठी मशीनला नुक्त्याची कळ नाही.
मी रूळ अर्धा घर वर फिरवला,
एक अक्षर मागे आलो,
आणि ज-च्या पोटाखाली
पूर्णविराम मारला.
चार ओळींच्या शेवटी होता, तोच.
हफीज़ुन्निसा.
तिनं कागद उन्हात धरून पाहिला,
मेथीचा दाणा निवडावा तसा.

गुरुवारी तिच्याबरोबर खिडकीवर गेलो.
साहेबांच्या संगणकानं पावती काढली.
टिंब गाळलेलं होतं.
मागे रांग होती, पंखा बंद, कोणी तरी म्हणालं, चला आता.
मीही म्हणालो असतो.
तिनं पावती खिडकीतून परत आत सरकवली.
"टिंब," म्हणाली,
आणि तिथेच उभी राहिली.